८ दिवस, १२ हजार रुपये, ३२५० फ्रेम: स्वस्तात रेंडर कुठे करून मिळेल?

मिरजवाली
१७ ऑगस्ट २०२५, रात्री ११:५२

गणपती २७ तारखेला बसतात आणि माझा कॉम्प्युटर म्हणतोय रेंडर, म्हणजे थ्रीडी सीनमधून एकेक फ्रेमचं चित्र काढायचं काम, ११ सप्टेंबरला देतो. अनंत चतुर्दशी ६ तारखेला आहे. म्हणजे विसर्जन होऊन पाच दिवस झाले की देखावा तयार.

नीट सांगते. मी मिरजेत घरूनच मोशन ग्राफिक्सची कामं करते. लग्नपत्रिकेचे व्हिडिओ, क्लासेसच्या जाहिराती, दवाखान्याच्या टीव्हीवर फिरणारी माहिती असलं काहीबाही. यंदा पहिल्यांदाच सांगलीतल्या एका मंडळाचा देखावा मिळाला. मामेभाऊ तिथे खजिनदार आहे म्हणून मिळाला, खोटं कशाला बोलू. विषय सिंधुदुर्गाची उभारणी. मूर्तीच्या मागे एलईडी भिंत, तिच्यावर २ मिनिटं १० सेकंदांचं अ‍ॅनिमेशन, बरोबर निवेदन. संध्याकाळी सहा ते रात्री दहा हेच परत परत चालणार.

पाच शॉट आहेत. पहाटेचा समुद्र, धुकं आणि धुक्यातून दिसणारं कुरटे बेट, ३० सेकंद. पायाच्या दगडांत शिसं ओततात तो, २४ सेकंद. तट वर चढत जातो तो, ३६. रात्री मशालींच्या उजेडात काम चाललंय, २२. आणि शेवटी पूर्ण किल्ला वरून, १८. सेकंदाला २५ फ्रेम धरून ३२५०.

मशीन माझंच, ३०६० ग्राफिक्स कार्ड, १२ जीबीचं, रॅम ३२. सॉफ्टवेअर ब्लेंडर ४.२, रेंडर त्यातल्याच सायकल्स इंजिनमध्ये. ४के साईज (३८४० बाय २१६०), १०२४ सॅम्पल, म्हणजे एकेका पिक्सेलच्या उजेडाचा हिशेब तेवढ्या वेळा. फ्रेमला सरासरी ११ मिनिटं लागतात, धुक्याच्या शॉटला तर १९. गुणाकार करून बघितला तर ५९५ तास. सलग २४ तास चालवलं तरी जवळजवळ २५ दिवस, आणि सलग चालवणार कसं? पाऊस आहे, लाईट दिवसातून तीनदा जाते, यूपीएस पाच मिनिटं तग धरतो.

एलईडीवाला २५ तारखेला चाचणी घेणार, तोवर फाईल हवी. पुण्यातल्या एका स्टुडिओला फोन केला तर त्यांनी फ्रेममागे ४० रुपये सांगितले, म्हणजे १ लाख ३० हजार. मंडळाचं मूर्तीसकट बजेट तेवढं नाही. मला पूर्ण कामाचे ३५ हजार मिळणार, त्यातले १२ हजार रेंडरवर घालू शकते. त्याच्या वर गेलं तर मी फुकट राबले असं होईल.

रेंडर फार्म, म्हणजे पैसे घेऊन आपल्या फ्रेम काढून देणारी मशीनं, कधी वापरलेला नाही. कार्डाने परदेशी पैसे कधी भरले नाहीत. कोणी केलंय का? कुठे करावं?

---

उत्तररात्र
१८ ऑगस्ट, रात्री १२:३८

ताई, आधी पाणी प्या. तीन वाटा आहेत, तिन्हींवरून गेलोय, त्यातल्या एकीवर चांगलाच आपटलोय.

पहिली शीपइट. पूर्ण फुकट. जगभरातले लोक आपापली मशीनं जोडतात आणि एकमेकांच्या फ्रेम काढून देतात. दुसऱ्याच्या फ्रेम काढल्या की गुण जमतात, गुण जास्त तर रांगेत पुढे. शून्य गुणांवरही काम टाकता येतं, पण मग गावजेवणाच्या शेवटच्या पंगतीला बसल्यासारखं. शिवाय फार जड फ्रेम ते घेत नाहीत. आणि फाईल अनोळखी लोकांच्या मशीनवर जाते. तुमच्या कामाला त्याचं काही नाही, पण क्लायंटने गुप्ततेचं काही लिहून घेतलं असेल तर तिकडे फिरकू नये.

दुसरी वाट पैसे घेऊन काम करणारे फार्म. गराजफार्म, रीबसफार्म, फॉक्स रेंडरफार्म ही त्यातली मोठी नावं. सीपीयूचा दर गिगाहर्ट्‌झ-तासावर आणि जीपीयूचा (ग्राफिक्स कार्डाचा) ऑक्टेनबेंच-तासावर असा हिशेब बऱ्याच ठिकाणी असतो, त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही. साईटवर खर्चाचा कॅल्क्युलेटर असतो, त्यात आपलं कार्ड आणि फ्रेमचा वेळ टाकायचा. पण त्या आकड्यावर विसंबू नका. नव्या खात्याला थोडं क्रेडिट फुकट मिळतं, ते चाचणीला वापरा. प्रत्येक शॉटची पहिली, मधली आणि शेवटची फ्रेम तिथे टाकून बघा. १५ फ्रेममध्ये खरा खर्च कळतो. घाई नसेल तर कमी प्राधान्याच्या रांगेत दर उतरतो, पण तुम्हाला घाईच आहे.

माझं आपटणं इथलंच. गेल्या वर्षी एका फार्मवर ४०० फ्रेम टाकल्या आणि झोपलो. टेक्स्चर (पृष्ठभागांवर चढवलेली चित्रं) फाईलमध्ये पॅक करायचे राहिले होते. सकाळी उठून बघतो तर ४०० च्या ४०० फ्रेममध्ये भिंती गुलाबी. पैसे कापले गेले, भांडायला तोंड नव्हतं. म्हणून फाईल मेनूत एक्स्टर्नल डेटा, त्यात पॅक रिसोर्सेस, हे आधी. धूर किंवा पाण्याचं सिम्युलेशन असेल तर ते बेक करून, म्हणजे आधीच मोजून साठवून, त्या साठ्याचं (कॅशचं) फोल्डर वेगळं द्यावं लागतं, ते पॅक होत नाही. समुद्राला ओशन मॉडिफायर (ब्लेंडरचं लाटा करणारं साधन) असेल तर त्याला बेक लागत नाही, पण फेस साठत जाणारा हवा असेल तर लागतो.

तिसरी वाट, जीपीयू तासावर भाड्याने. व्हास्ट, रनपॉड वगैरे. ४०९० कार्ड साधारण ०.३ ते ०.६ डॉलर तासाला मिळतं. ते तुमच्या ३०६० च्या चार-पाच पट वेगाने रेंडर करतं. तुमचे ५९५ तास तिथे १३०-१३५ होतील. ०.४ डॉलर धरला तर ५३ डॉलर, म्हणजे साडेचार-पावणेपाच हजार रुपये. दोन मशीनं घेतली तर तीन दिवसांत काम आटोपतं, खर्च तेवढाच.

म्हणजे पैशांत बसतं हो! अडचण दुसरीच. तिथे माऊस चालवायला काही नसतं, लिनक्सची काळी खिडकी असते आणि सगळं टाईप करायचं. शिवाय ४के ची एक फ्रेम १५ एमबी धरली तरी ३२५० फ्रेम म्हणजे पन्नास जीबीच्या आसपास, ती उतरवून घ्यायची. आणि मशीन बंद केलं तरी डिस्कचं भाडं चालू राहतं, ते पार काढून टाकावं लागतं. मी एकदा पंधरा दिवस विसरलो होतो.

---

बंगळुरी_बापू
१८ ऑगस्ट, सकाळी ६:५०

वरच्यात एक भर. कोणी अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर जा म्हणेल, मुंबईत त्यांचं केंद्र आहे, स्पॉट मशीनं, म्हणजे त्यांची रिकामी पडलेली मशीनं, स्वस्त पडतात वगैरे. सगळं खरं. पण नव्या खात्याला जीपीयूचा कोटा शून्य असतो. अर्ज करायचा, मंजुरीची वाट बघायची, आणि त्यांनी कारण विचारलं तर उत्तर द्यायचं. आणि स्पॉट मशीन ते दोन मिनिटांच्या सूचनेवर काढून घेऊ शकतात. रोज वापरणाऱ्याला ठीक आहे. आठ दिवसांत गणपती असताना नको.

कार्डाचं म्हणाल तर, बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार चालू करावा लागतो. २०२० च्या ऑक्टोबरपासून नवीन कार्डं देशांतर्गत वापरापुरतीच चालू येतात. काम झालं की परत बंद करा. बँक परकीय चलनावर वर काही टक्के लावते आणि त्या टक्क्यांवर जीएसटी, तेवढं हिशेबात धरा.

---

पॅनेलवाला
१८ ऑगस्ट, सकाळी ७:१५

रेंडर कुठे करायचं ते नंतर बघू. भिंत केवढी आहे? पिच किती? ४के कोणी मागितलं?

---

मिरजवाली
१८ ऑगस्ट, सकाळी १०:२०

@उत्तररात्र, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. काळी खिडकी मी आयुष्यात उघडलेली नाही आणि या आठवड्यात उघडावी असं वाटत नाही. पण साडेचार हजारांचा आकडा बघून रात्री झोप तरी लागली.

@पॅनेलवाला, ४के कोणी मागितलं नाही, मीच धरलं. मोठी भिंत आहे तर मोठी साईज, असं वाटलं. मामेभावाला फोन केला, तो म्हणाला २० बाय १० फूट. पिच म्हणजे काय ते त्यालाही माहीत नव्हतं. मग एलईडीवाल्याचा नंबर घेऊन त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, तीन पॉइंट नऊ आहे, आडवी बारा, उभी सहा." एवढंच बोलला, मागे ट्रकचा हॉर्न वाजत होता.

---

पॅनेलवाला
१८ ऑगस्ट, सकाळी १०:४१

वाटलंच होतं.

पिच म्हणजे दोन दिव्यांमधलं अंतर. ३.९ च्या पॅनेलवर अर्ध्या मीटरमध्ये १२८ दिवे असतात, आडवे १२८, उभे १२८. तुमची भिंत १२ बाय ६ पॅनेलची. बारा गुणिले १२८, १५३६. सहा गुणिले १२८, ७६८. त्या भिंतीवर एवढेच ठिपके आहेत. तुम्ही ४के द्या, ८के द्या, नाहीतर ब्रह्मदेवाकडून रेंडर करून आणा, दिसणार १५३६ बाय ७६८.

तुमची ४के ची फ्रेम ८२ लाख ९४ हजार पिक्सेलची. भिंत ११ लाख ८० हजारांची. सात पिक्सेल रात्र जागून काढायचे आणि सहा आमच्या प्रोसेसरने फेकून द्यायचे. मी १४ वर्षं भिंती लावतोय, दर गणपतीत दोन-तीन जण हेच करून येतात. मग पेन ड्राइव्हवर ४ जीबीची फाईल असते आणि ती आमच्या लॅपटॉपवर अडकत अडकत चालते.

आणखी एक. तुमची फ्रेम १६:९ ची, भिंत २:१ ची. आत्ताच कॅमेरा बदला. नाहीतर ऑपरेटर दोन्हीकडून ताणून बसवेल आणि सिंधुदुर्ग बसका दिसेल. त्याच्याकडे तुमच्यासाठी वेळ नसतो, त्या दिवशी त्याच्या आणखी पाच भिंती असतात.

तिसरं, मशालींचा शॉट फार काळा ठेवू नका. रात्री आम्ही भिंतीचा उजेड ३०-४० टक्क्यांवर आणतो, नाहीतर पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या डोळे मिटून बसतात. एवढा उतरवला की सावलीतलं सगळं एकच काळं होतं. तुमच्या मॉनिटरवर जरा जास्तच उजळ वाटेल असं ठेवा.

---

फ्रेममोजणी
१८ ऑगस्ट, दुपारी १:०५

पॅनेलवाल्यांनी अर्धी लढाई जिंकून दिली. उरलेली अर्धी ब्लेंडरमध्येच आहे. मी नाशकात आर्किटेक्टांचे वॉकथ्रू करते, माझंही कार्ड तुमच्यासारखंच, त्यामुळे हे रोजचं आहे.

१०२४ सॅम्पल कशाला? नॉइज थ्रेशहोल्ड (चित्रात किती दाणे चालतील ते) ०.०५ ठेवा, सॅम्पलची वरची मर्यादा ३००, आणि उरलेले दाणे पुसणारं ओपन इमेज डीनॉइज चालू. आकाशाला ४० सॅम्पलमध्ये भागतं तर ते तिथेच थांबतं, दगडाच्या खाचेत लागले तर घेतं. डीनॉइज केल्यावर दगडाचा पोत फ्रेमगणिक शिजल्यासारखा हलतो, ही तक्रार खरी आहे. पण या भिंतीसमोर माणूस चार-पाच मीटरवर उभा राहणार. तरी तटाच्या शॉटच्या वीस फ्रेम सलग काढून फिरवून बघा. हलताना दिसलं तर फक्त त्या शॉटला थ्रेशहोल्ड ०.०३ करा, सगळ्यांना नको.

परफॉर्मन्समध्ये पर्सिस्टंट डेटावर टिक करा. नाहीतर दर फ्रेमला सगळा किल्ला नव्याने मेमरीत चढतो. जड सीनमध्ये फ्रेममागे दहा-पंधरा सेकंद तिथेच जातात.

धुकं खरं व्हॉल्यूमचं, म्हणजे हवेत भरलेलं थ्रीडी, आहे ना? काढून टाका. रागावू नका. मिस्ट पास (काय किती दूर आहे ते सांगणारा थर) चालू करा, कंपोझिटरमध्ये (थर एकमेकांवर बसवतात तिथे) त्याने दूरचं फिकं करा, आणि बेटाच्या पुढे दोन-तीन पारदर्शक पाट्या ठेवून त्यांवर धुक्याचं चित्र हळूहळू सरकवा. नाटकातले पडदे असतात तसं. १९ मिनिटं कुठल्या कुठे जातील.

आणि मशालींच्या शॉटमध्ये कॅमेरा हलतो का? नसेल हलत तर अख्खा किल्ला ५५० वेळा का काढताय? तो एकदाच काढा, भरपूर सॅम्पलवर, छान. मग फक्त मशाली, माणसं आणि पाण्यातली प्रतिबिंबं वेगळ्या लेयरवर.

---

नाक्यावरचा
१८ ऑगस्ट, दुपारी ४:३०

एवढं करूनही कमी पडलं तर देशी उपाय सांगतो. गेमिंग कॅफे. रात्री बारानंतर रिकामाच असतो, आठ-दहा मशीनं, सगळ्यांत बरी कार्डं. मालकाशी बोलून रात्रीचा उक्ता भाव ठरवायचा. ब्लेंडरची झिप आवृत्ती पेन ड्राइव्हवरून चालते, इन्स्टॉल करावं लागत नाही. सगळ्या मशीनचं आउटपुट एकाच शेअर केलेल्या फोल्डरमध्ये द्यायचं, ओव्हरराइट बंद, प्लेसहोल्डर चालू. जी फ्रेम एकाने घेतली ती दुसरा घेत नाही. शेतात भांगलायला बायका रांगेने लागतात तसं.

फक्त एक. कॅफेवाले मशीनवर असं सॉफ्टवेअर टाकतात की रिस्टार्ट केलं की सगळं काल होतं तसं. मी आउटपुट तिथल्याच डी ड्राइव्हवर दिलं होतं. सकाळी झाडू मारायला आलेल्या पोराने सवयीने सगळी मशीनं रिस्टार्ट केली. ३८० फ्रेम. त्याला काय माहीत बिचाऱ्याला. आउटपुट आपल्या बाहेरच्या डिस्कवरच घ्या.

---

भट्टीकर
१८ ऑगस्ट, रात्री ९:१०

मला अ‍ॅनिमेशनमधलं ओ की ठो कळत नाही. मुलाने हा धागा दाखवला. ३० वर्षं कोल्हापुरात फाउंड्रीत काढली, त्या जोरावर विचारतो. शिसं ओततानाचा जो शॉट म्हणालात, त्यात शिसं कुठल्या रंगाचं दाखवलंय?

---

मिरजवाली
१८ ऑगस्ट, रात्री ९:३४

काका, नारिंगी. लाव्हा असतो तसं, आतून चमकणारं, दगडावर त्याचा उजेड पडतोय. तोच सगळ्यांत भारी शॉट आहे असं मंडळाचे अध्यक्ष म्हणाले.

---

भट्टीकर
१८ ऑगस्ट, रात्री ९:५८

तेच म्हणत होतो. नारिंगी लोखंड असतं. शिसं ३२७ अंशाला वितळतं. एवढ्या उष्णतेला धातू उजेड देत नाही. वितळलेलं शिसं पाऱ्यासारखं, चांदीसारखं दिसतं, त्यात आजूबाजूचं प्रतिबिंब पडतं. वर लगेच राखाडी साय धरते. पळीने साय बाजूला सारली की खाली परत आरसा. ओल्या दगडावर ओतलं तर पाण्याची वाफ होऊन ते उडतं आणि माणूस भाजतो, म्हणून खाच आधी कोरडी करून तापवावी लागते. बेटावर समुद्राच्या काठी ते कसं केलं असेल याचा मी बरेचदा विचार करतो. तुमच्या शॉटमध्ये एक माणूस खाचेत निखारे फिरवताना दाखवलात तर जाणकाराला बरं वाटेल.

---

फ्रेममोजणी
१८ ऑगस्ट, रात्री १०:१५

काका, तुम्ही रेंडरचाही वेळ वाचवलात. ते चमकणारं नारिंगी काढलं की दगडाच्या खाचांतले पांढरे ठिपके जातील. त्या उजेडाचा हिशेब करायलाच सगळे सॅम्पल खर्च होतात.

---

मिरजवाली
२० ऑगस्ट, सायंकाळी ७:४०

दोन दिवस गायब होते, कारण कामाला लागले होते. आकडे देते.

कॅमेरे २:१ ला बसवले. पहाटेच्या शॉटमध्ये आकाश कापलं गेलं, बरंच झालं, तिथे नाहीतरी काही नव्हतं. साईज १५३६ बाय ७६८. धुक्याचं व्हॉल्यूम उडवलं. जीवावर आलं होतं, कारण ते बसवायला मला चार दिवस लागले होते. पाट्यांचं धुकं तासाभरात झालं आणि आईला विचारलं तर ती म्हणाली हेच चांगलं दिसतंय.

धुक्याची फ्रेम १९ मिनिटांवरून ४६ सेकंदांवर. तटाची ४१ सेकंद. वरून दिसणारा किल्ला ५२. मशालींचा शॉट, किल्ला एकदा काढून ठेवल्यावर, फ्रेमला १४ सेकंद. शिशाचा नारिंगी असताना ५५ होता, तेव्हा बेरीज साडेसदतीस तास येत होती. काकांचं ऐकून चंदेरी केला, ३८ सेकंद. आता एकूण पावणेपस्तीस तास.

५९५ वरून पावणेपस्तीस. माझ्याच मशीनवर. मी तीनदा कॅल्क्युलेटर मारला.

अध्यक्षांना चंदेरी शिसं पटत नव्हतं. "लोकांना कळणार नाही शिसं आहे म्हणून," म्हणाले. मग निवेदनात एक वाक्य घातलं आणि निखारे फिरवणारा माणूस दाखवला. निखाऱ्यांमुळे त्यांना हवा तो नारिंगी रंगही मिळाला, त्यामुळे वाद मिटला.

लाईटचा प्रश्न आहेच. पीएनजी फ्रेमच काढतेय, सरळ व्हिडिओ नाही, म्हणजे लाईट गेली तरी असलेलं राहतं. शेजारच्या काकूंच्या इन्व्हर्टरवरून वायर घ्यायची का असा विचार होता. कॉम्प्युटर म्हटल्यावर त्या हो म्हणाल्या, पण रात्रभर म्हटल्यावर गप्प बसल्या.

---

उत्तररात्र
२० ऑगस्ट, रात्री ११:२०

वा! माझी साडेचार हजारांची योजना बाराच्या भावात गेली याचा आनंद आहे.

लाईट गेल्यावर एक सांभाळा. नाक्यावरच्या दादांनी सांगितलेलं प्लेसहोल्डर चालू असेल तर फ्रेम सुरू होतानाच त्या नावाची रिकामी फाईल तयार होते. मधेच लाईट गेली की ती रिकामीच राहते, आणि परत चालवल्यावर ब्लेंडरला वाटतं ही फ्रेम झालेली आहे, तो पुढे जातो. म्हणून फोल्डर साईजप्रमाणे लावून ० केबीच्या फायली उडवा आणि परत चालवा. एकच मशीन असेल तर प्लेसहोल्डर बंदच ठेवा.

---

मिरजवाली
२८ ऑगस्ट, दुपारी १२:१५

काल गणपती बसले. शेवट काय झाला ते सांगायला आले.

२० च्या रात्री रेंडर लावलं, २३ ला पहाटे संपलं. लाईट एकूण सात वेळा गेली. उत्तररात्र दादांचा सल्ला वाचला होता, पाळलाही होता, पण मशालींच्या शॉटमध्ये प्लेसहोल्डर बंद करायला विसरले. २५ ला सांगलीत भिंतीवर चाचणी घेताना भर मशालींत तीन वेळा लुकलुक करून काळं झालं. घरच्या मॉनिटरवर तेच दहा वेळा बघितलं होतं, पण रात्रीचा शॉट असल्यामुळे लक्षातच आलं नव्हतं. रात्री घरी येऊन तीन फ्रेम काढल्या. ४२ सेकंदांचं काम, त्यासाठी सांगली-मिरज एक फेरी जास्त.

आणि भिंत बारा पॅनेलची राहिलीच नाही. मांडवात डाव्या बाजूला महावितरणचा खांब आला, एलईडीवाल्याने एक उभी रांग सरळ काढून टाकली. "मॅडम, अकरा झाली, तुम्ही बघून घ्या," एवढं सांगून तो दुसऱ्या मंडळाकडे गेला. १४०८ बाय ७६८. डावीकडचे १२८ पिक्सेल कापले. त्यात शेवटच्या शॉटमधला एक बुरूज अर्धा गेला. कोणाला कळलेलं नाही.

पॅनेलवाले काका म्हणाले होते तसं मशालींचं दृश्य उजळ ठेवलं, ते बरोबर ठरलं. मॉनिटरवर दुपार वाटत होती, भिंतीवर रात्र दिसली. भट्टीकर काका, काल आरतीनंतर एक आजोबा शिशाच्या शॉटजवळ दोन फेऱ्या उभे राहिले. नंतर मला विचारत होते, हे शिसं ओतायचं कुठे बघितलंत म्हणून. मी म्हणाले कोल्हापुरात.

रेंडरचा एकूण खर्च वाढलेलं वीजबिल, साधारण दोन-अडीचशे रुपये असेल. मंडळाला आता यूट्यूबवर टाकायला ४के हवंय. ते म्हटलं विसर्जनानंतर. तोवर मशीन रिकामं असेल तेव्हा शीपइटला जोडून गुण साठवते आहे, कालपासून सुरू केलंय.

उरलेल्या २५ हजारांचं विचारलं तर मामेभाऊ म्हणतो, वर्गणीचा हिशेब लागला की बघू.